मोबाईल वॉलेट की हातातलं कार्ड: खर्च नेमका कुठे पडतो?

हिशेबनीस

फोनने पैसे दिले तर कार्डापेक्षा जास्त खर्च येतो का, या प्रश्नाला एकजण सांगतो की एक पैसाही जास्त लागत नाही, दुसरा सांगतो की तीन टक्के कापले गेले. बहुतेक वेळा दोघंही खरं सांगत असतात. घोळ ‘वॉलेट’ या शब्दात आहे. एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या व्यवस्था येतात आणि तिन्हींचा खर्च वेगळा असतो.

पहिली व्यवस्था म्हणजे फोनमध्ये ठेवलेली कार्डाची प्रत. ॲपल पे, गूगल वॉलेट, सॅमसंग वॉलेट यांनी मशीनवर टॅप करता तेव्हा पैसे वॉलेटमध्ये थांबतच नाहीत. फोन मशीनला तुमच्या कार्डाऐवजी एक पर्यायी क्रमांक देतो, त्याला टोकन म्हणतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या यंत्रणेत त्या टोकनाचा मूळ क्रमांक शोधला जातो आणि पुढे सगळं कार्डासारखंच होतं.

दुसरी म्हणजे साठ्याचं वॉलेट. आधी पैसे भरायचे, मग त्यातून खर्च करायचे. इथे दोन व्यवहार होतात, भरण्याचा आणि खर्चाचा. शिल्लक परत बँकेत न्यायची असेल तर तिसरा.

तिसरं मध्यस्थ वॉलेट, उदाहरणार्थ पेपाल. दुकान पेपालकडून पैसे घेतं आणि पेपाल तुमच्या कार्डाकडून. तुमच्या बँकेच्या लेखी विक्रेता पेपाल असतो.

आपलं वॉलेट कुठल्या प्रकारचं हे ओळखायला बँकेचं स्टेटमेंट पुरतं. फक्त दुकानाचं नाव दिसलं तर पहिला प्रकार. फक्त वॉलेट कंपनीचं नाव दिसलं तर दुसरा. वॉलेटचं नाव, मग फुलीसारखी खूण आणि त्यापुढे दुकानाचं नाव असेल तर तिसरा.

पहिल्या प्रकारात टॅप करा नाहीतर कार्ड आत घाला, खर्चात काहीच फरक नाही असं माझं म्हणणं आहे. बाकी दोन प्रकारांत प्रत्येक पायरीला किती कापलं जातं ते तपासावं लागतं. जाणकारांनी भर घालावी.

मोजपट्टी

चांगला धागा. दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या रकमेची फोड देतो, म्हणजे फोनचा संबंध कुठे येतो ते कळेल.

कार्डाच्या प्रत्येक व्यवहारात दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून तीन वाटे निघतात. सर्वांत मोठा वाटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचा, त्याला इंटरचेंज म्हणतात. दुसरा नेटवर्कचा, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंचा. तिसरा दुकानाला मशीन देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा. फोन बनवणारा या साखळीत दुकानदाराकडून काही घेत नाही.

इंटरचेंज ठरतो कार्ड कुठल्या जातीचं आहे आणि व्यवहार कसा झाला यावरून. युरोपीय संघात ९ डिसेंबर २०१५पासून ग्राहकांच्या डेबिट कार्डावर कमाल ०.२ टक्का आणि क्रेडिट कार्डावर ०.३ टक्का अशी मर्यादा आहे. कंपन्यांना दिलेली व्यावसायिक कार्डं त्या मर्यादेबाहेर आहेत. अमेरिकेत मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डासाठी २०११ साली ठरलेली कमाल रक्कम अशी: प्रत्येक व्यवहाराला २१ सेंट, वर रकमेच्या ०.०५ टक्के, आणि फसवणूक रोखण्याच्या अटी पाळणाऱ्या बँकेला आणखी १ सेंट.

या दोन पद्धतींतला फरक छोट्या रकमेत डोळ्यांत भरतो. १० डॉलरच्या खरेदीवर अमेरिकी सूत्राने साडेबावीस सेंट होतात, म्हणजे २.२५ टक्के. १०० डॉलरवर २७ सेंट, म्हणजे जेमतेम ०.२७ टक्का. किरकोळ रकमेला कार्ड नको म्हणणाऱ्या दुकानदाराचं कारण अशा ठोक रकमेत असतं. फोन पुढे केला तरी ती ठोक रक्कम तितकीच राहते.

दुकानात फोन टॅप केला तर तो ‘कार्ड प्रत्यक्ष हजर’ या गटात मोजला जातो, चिप आत घातल्यासारखाच. संकेतस्थळावर क्रमांक टाइप केला तर ‘कार्ड गैरहजर’ हा गट लागतो. मर्यादा नसलेल्या देशांत त्याचा दर बहुधा जास्त असतो, कारण फसवणुकीचा धोका जास्त. म्हणून दरातला खरा फरक दुकानातली खरेदी आणि ऑनलाइन खरेदी यांच्यात आहे.

कळफलक

मग फोनवाल्या कंपनीला यातून काय मिळतं? फुकट तर कोणी चालवत नसेल.

उंबरा

@कळफलक, ॲपल पे सुरू झालं २० ऑक्टोबर २०१४ रोजी, अमेरिकेत. तिथे ॲपल कार्ड देणाऱ्या बँकेकडून क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर ०.१५ टक्का आणि डेबिटच्या व्यवहाराला अर्धा सेंट घेतं. ही रक्कम बँकेला मिळालेल्या इंटरचेंजमधून जाते. ग्राहकाच्या स्टेटमेंटवर किंवा दुकानदाराच्या हिशेबात वेगळी ओळ येत नाही. गूगल वॉलेट बँकांकडून असा वाटा घेत नाही.

हा फरक पडण्याचं एक तांत्रिक कारणही आहे. अँड्रॉइडमध्ये २०१३च्या ४.४ आवृत्तीपासून कोणत्याही ॲपला टॅप करून पैसे देण्याची सोय वापरता येते, त्यामुळे बँक स्वतःचं ॲपही चालवू शकते. आयफोनवर टॅपसाठी लागणारी चिप बरीच वर्षं फक्त ॲपलच्या वॉलेटसाठी राखलेली होती. जुलै २०२४मध्ये युरोपीय आयोगाने ही चिप खुली करण्याची ॲपलची हमी बंधनकारक केली आणि त्या भागात १० वर्षांसाठी चिप इतरांना खुली झाली. ज्या रस्त्याला पर्याय नाही त्याच्यावर टोल लावता येतो, इतका साधा मामला आहे.

सहावी_खिडकी

> टॅप करा नाहीतर कार्ड आत घाला, खर्चात काहीच फरक नाही

हिशेबनीस, इथे असहमत. तुमचं वाक्य एकच नेटवर्क असलेल्या कार्डापुरतं खरं आहे. एका कार्डावर दोन नेटवर्क असतील तर फोन आणि कार्ड यांत दुकानदाराच्या खर्चाचा खरोखर फरक पडू शकतो. दुकानदार अधिभार लावत असेल तर तो तुमच्यापर्यंतही येतो.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक डेबिट कार्डांवर देशी नेटवर्क एफ्टपॉस असतं आणि सोबत व्हिसा किंवा मास्टरकार्ड. कार्ड मशीनमध्ये घातलं की खात्याचा प्रकार विचारला जातो. ‘सेव्हिंग’ किंवा ‘चेक’ निवडलं तर व्यवहार एफ्टपॉसवरून जातो, ‘क्रेडिट’ निवडलं तर दुसऱ्या नेटवर्कवरून. टॅप केलं की हा प्रश्न विचारलाच जात नाही. कार्डात ज्या नेटवर्कला पहिला क्रम दिलेला असतो त्यावरून व्यवहार जातो आणि ते सहसा आंतरराष्ट्रीय असतं. दुकानदाराला ते सरासरीने महाग पडतं.

यावर उपाय म्हणून ‘स्वस्त मार्ग निवडणे’ ही सोय आली. टॅप झाल्यावर मशीनच दोन नेटवर्कांपैकी स्वस्त असलेलं निवडतं. पण ती आधी प्लास्टिकच्या कार्डासाठी आली, फोनसाठी नंतर. कारण फोनमध्ये प्रत्येक नेटवर्कचं टोकन वेगळं असतं. कार्डाच्या चिपवर दोन्ही नेटवर्क एका क्रमांकाखाली असतात, म्हणून मशीनला निवड करता येते. फोनने एकाच नेटवर्कचं टोकन पुढे केलं तर मशीनपुढे निवडीला काही उरत नाही.

म्हणजे तेच खातं, तीच रक्कम, पण प्लास्टिक टॅप केलं तर स्वस्त मार्ग आणि फोन टॅप केला तर महाग मार्ग असं घडू शकतं.

फ्रान्समध्येही कार्डांवर देशी ‘कार्त बाँकेर’ आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड असं जोडनाव असतं. युरोपीय नियमानुसार कुठलं नेटवर्क वापरायचं याचा शेवटचा हक्क ग्राहकाचा आहे. ज्या वॉलेटमध्ये दोन्ही नेटवर्क चालतात तिथे कार्डाच्या सेटिंगमध्ये आधीच निवड करून ठेवता येते. ती एकदा उघडून पाहा, कारण ऐन टॅपच्या वेळी कोणी विचारत नाही.

हिशेबनीस

सहावी_खिडकी, मान्य. मूळ विधान असं दुरुस्त करतो: एकच नेटवर्क असलेल्या कार्डाला फरक नाही, जोडनाव असलेल्या कार्डाला असू शकतो. वेगळ्या टोकनांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो फार महत्त्वाचा आहे.

मोजपट्टी

आता साठ्याच्या वॉलेटकडे वळू, कारण ग्राहकाच्या खिशातून थेट पैसे जातात ते इथे.

क्रेडिट कार्डाने वॉलेट भरणं ही सर्वांत महागडी पायरी. कारण कळायला एमसीसी समजून घ्यावा लागतो. प्रत्येक विक्रेत्याला धंद्याच्या प्रकारानुसार चार आकडी कोड दिलेला असतो. साठ्याच्या वॉलेटमध्ये पैसे भरण्यासाठी ६५४० हा कोड आहे. ६०५१ रोखीसारख्या खरेदीसाठी, ४८२९ पैसे पाठवण्यासाठी. बँकेच्या यंत्रणेला तुम्ही त्या पैशांतून पुढे काय घेतलं ते कळत नाही, तिला फक्त हा कोड दिसतो. त्यावरून तीन गोष्टी होऊ शकतात.

रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत. हे सर्वांत जास्त वेळा घडतं आणि सर्वांत उशिरा लक्षात येतं.

वॉलेट कंपनी भरण्याचं शुल्क लावते, कारण तिला स्वतःला ‘कार्ड गैरहजर’ दराने इंटरचेंज भरावा लागतो.

बँक हा व्यवहार रोख उचल मानते. मग उचलीचं शुल्क लागतं, आणि मुख्य म्हणजे व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत उचलीला नसते. संपूर्ण बिल वेळेवर भरलं तरी हे व्याज लागलेलं असतं.

हिशेब करून बघा. १०,००० भरले, भरण्याचं शुल्क २ टक्के धरलं तर २०० गेले. तेच कार्ड थेट दुकानात वापरून १ टक्का पॉइंट मिळाले असते तर ते १०० बुडाले. फरक ३०० चा, म्हणजे ३ टक्के. वॉलेटने ५० ची कॅशबॅक दिली असली तरी २५० अंगावर पडतात. कॅशबॅकचा आकडा डोळ्यांसमोर असतो, बुडालेले पॉइंट कुठेच छापून येत नाहीत.

तपासायचं असेल तर आधी सर्वांत छोटी रक्कम भरा. दोन-तीन दिवसांत व्यवहार पक्का झाला की स्टेटमेंटमध्ये तो ‘खरेदी’खाली आहे की ‘रोख उचल’खाली ते पाहा, मग मोठी रक्कम भरायची की नाही ते ठरवा. व्यवहार प्रलंबित असताना पाहून उपयोग नाही, वर्गवारी नंतर बदलू शकते.

बँक खात्यातून किंवा डेबिट कार्डाने भरलं तर यातला बराच ताप टळतो.

उंबरा

बाहेर काढतानाचा खर्चही जोडा. चीनमध्ये वीचॅट पे १ मार्च २०१६पासून आयुष्यभरातल्या पहिल्या १,००० युआनानंतर बँकेत काढलेल्या रकमेवर ०.१ टक्का घेतं. अमेरिकेत व्हेन्मो या वॉलेटवरून क्रेडिट कार्डाने कुणाला पैसे पाठवले तर ३ टक्के लागतात, बँक खात्यातून किंवा शिलकीतून पाठवले तर काही नाही. शिल्लक बँकेत तत्काळ हवी असेल तर १.७५ टक्के, कामकाजाचे एक ते तीन दिवस थांबलात तर फुकट. म्हणजे तिथे घाईची किंमत मोजली जाते.

केनियातल्या एम-पेसा या मोबाईल वॉलेटचं, जे मार्च २००७मध्ये सुरू झालं, गणित आणखी वेगळं. पाठवण्याचं आणि काढण्याचं शुल्क टक्क्यात नसून रकमेच्या टप्प्यांनुसार आहे. अशा तक्त्यात टप्प्याच्या सीमेजवळची रक्कम नेहमी तपासावी. सीमा जरा ओलांडली की पुढच्या टप्प्याचं पूर्ण शुल्क लागतं.

कळफलक

भारतातल्या यूपीआयचं काय? तेही लोक वॉलेट म्हणूनच धरतात.

मोजपट्टी

@कळफलक, यूपीआयमध्ये पैसे एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात जातात, मध्ये कार्डही नाही आणि साठाही नाही. १ जानेवारी २०२०पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोन्हींवर दुकानदाराला शून्य आकारणी आहे.

पण त्याच क्यूआर कोडवर कुणी साठ्याच्या वॉलेटमधून पैसे दिले तर तो यूपीआयवर चाललेला वॉलेटचा व्यवहार झाला. १ एप्रिल २०२३पासून अशा २,००० रुपयांवरच्या व्यवहारांना १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज लागू झाला. तो दुकानदाराच्या बाजूने वळता होतो, ग्राहकाकडून नाही. एकच कोड, एकच ॲप, पण मागून पैसे कशातून आले यावर खर्च ठरतो. हिशेबनीस यांचं वर्गीकरण इथेही चपखल बसतं.

सहावी_खिडकी

परकीय चलन राहिलं. इथे कार्डाची प्रत असलेलं वॉलेट आणि प्लास्टिक यांत काहीच फरक नाही. बँक परदेशी व्यवहारावर अधिभार लावत असेल तर तो दोन्हीला सारखाच लागतो. फोनमध्ये घातल्यामुळे तो चुकत नाही.

सापळा मशीनच्या पडद्यावर असतो. ‘तुमच्या चलनात द्यायचे की स्थानिक चलनात?’ असा प्रश्न आला तर स्थानिक निवडा. तुमचं चलन निवडलंत की दर दुकानाच्या बाजूची कंपनी ठरवते आणि तिची कमाई त्या दरातच लपलेली असते. स्थानिक निवडल्यावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो, तो बहुतेक वेळा बराच चांगला असतो. फोन टॅप करताना घोटाळा असा होतो की लोक टॅप करून लगेच हात मागे घेतात, आणि पडद्यावरचा प्रश्न काउंटरवरचा माणूस परस्पर मिटवतो. टॅपनंतर पडदा वाचून मगच हलावं.

मध्यस्थ वॉलेटमध्ये हाच सापळा सेटिंगमध्ये असतो. पेपालचं स्वतःचं रूपांतर घेतलं तर बाजारभावावर साधारण ३ ते ४ टक्के चढतात. कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘विक्रेत्याच्या चलनात बिल करा’ असा पर्याय असतो, तो निवडला की रूपांतर तुमच्या बँकेकडे जातं. बँकेचा अधिभार १ किंवा २ टक्के असेल तर तेच परवडतं. दोन्ही आकडे शेजारी लिहून तुलना करा, कारण काही बँकांचा अधिभारही ३ टक्क्यांच्या पुढे असतो.

चीनमध्ये फिरताना अलीपे किंवा वीचॅट पेला परदेशी कार्ड जोडलं तर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के. ही आकारणी वॉलेटची आहे, बँकेचा अधिभार त्यावर वेगळा.

ब्रिटनमधल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांवरची आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू घेतली तर विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे. पण त्यासाठी ग्राहक, कार्ड कंपनी आणि विक्रेता ही साखळी थेट असावी लागते. मध्यस्थ वॉलेट मधे आलं की साखळी तुटू शकते. कार्डाची प्रत असलेल्या वॉलेटने ती तुटत नाही. महाग वस्तू घेताना वाचवलेल्या शुल्कापेक्षा हे संरक्षण कितीतरी मोलाचं आहे, म्हणून मी तरी मोठ्या खरेदीला मध्यस्थ वॉलेट टाळा असंच सांगेन.

उंबरा

उत्तम. आता राहिला फोन आणि कार्ड आलटून पालटून वापरण्याचा खर्च. दरपत्रकात हा कुठेच लिहिलेला नसतो.

लंडनच्या वाहतुकीत टॅप करून प्रवास केला तर दिवसाला आणि आठवड्याला कमाल भाड्याची मर्यादा आहे. ती एका कार्डाला किंवा एका उपकरणाला मोजली जाते. सकाळी प्लास्टिक, संध्याकाळी फोन वापरला तर यंत्रणा दोन वेगळे प्रवासी धरते आणि मर्यादेचा फायदा जातो. चढताना फोन आणि उतरताना कार्ड टॅप केलं तर दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागतं. घड्याळ आणि फोन यांचंही तसंच, कार्ड एकच असलं तरी टोकनं दोन.

हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना आधी रक्कम रोखून ठेवतात. ती प्लास्टिकवर रोखली आणि शेवटी पैसे फोनने दिले तर दुसरा व्यवहार नवा मानला जातो. पहिली रोखलेली रक्कम सुटायला काही दिवस जातात आणि तेवढी मर्यादा अडकते. डेबिट कार्ड असेल तर खरे पैसेच अडकतात. ज्याने सुरुवात केली त्यानेच शेवट करावा.

मासिक वर्गणीसाठी फोनच्या टोकनावर परवानगी दिली असेल आणि फोन बदलताना वॉलेटमधलं कार्ड काढलं, तर काही विक्रेत्यांकडे वर्गणी अडते, उशीर शुल्क लागतं. जुनं कार्ड वॉलेटमधून काढण्याआधी वर्गण्यांची यादी तपासावी.

कळफलक

वस्तू परत करताना पावतीवरचे शेवटचे चार आकडे कार्डाशी जुळत नाहीत म्हणून दुकान परतावा नाकारू शकतं का?

मोजपट्टी

@कळफलक, आकडे जुळणारच नाहीत. पावतीवर टोकनाचे शेवटचे चार आकडे छापले जातात, कार्डाचे नाही. टोकन हे सहसा स्वतंत्र १६ आकडी असतं. मूळ खातं आणि त्याची सगळी टोकनं जोडणारा पीएआर नावाचा २९ अक्षरांचा संदर्भ असतो, पण तो दुकानाच्या काउंटरवर दिसतोच असं नाही.

ॲपल वॉलेटमध्ये कार्ड उघडून कार्डाच्या तपशिलात गेलात की उपकरणाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे दिसतात. गूगल वॉलेटमध्ये कार्डाच्या तपशिलात ‘व्हर्च्युअल खाते क्रमांक’ म्हणून दिसतात. पावतीशी ते जुळवून दाखवा आणि ज्या उपकरणाने पैसे दिले तेच परतावा घेताना मशीनवर धरा. घड्याळाने दिले असतील तर घड्याळच. तो फोन विकला असेल तर काउंटरवर व्यवहाराची तारीख, रक्कम आणि पावतीवरचा मंजुरी क्रमांक द्या. दुकानाला मूळ व्यवहार शोधून त्याच्याच विरुद्ध परतावा टाकता येतो, त्याला पुन्हा टॅप लागत नाही.

कळफलक

मंजुरी क्रमांक पावतीवर कुठे असतो?

मोजपट्टी

बहुतेक पावत्यांवर तारखेच्या आसपास, सहा अंकी किंवा सहा अक्षरी. आधी त्याचा फोटो काढून ठेवा, उष्णतेवर छापलेला कागद काही महिन्यांत पुसट होतो.